कौशल्याच्या वाटेवर भाषेचा उंबरठा

जालना - 'जालना, सोन्याचा पाळणा' ही म्हण जुन्या बाजारपेठेच्या वैभवातून आली. आज हे शहर ओळखले जाते ते पोलादी सळई आणि बियाण्यांसाठी. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे 'महिको'ची स्थापना केली. पुढे भंगार वितळवून सळई तयार करणारे कारखाने औद्योगिक वसाहतीत उभे राहिले. मात्र या भट्ट्यांवर राबणाऱ्यांत उत्तर प्रदेश-बिहारमधील कामगारांचा भरणा मोठा आहे. त्याच वेळी मंठा, घनसावंगी, अंबड तालुक्यांतील कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी गाव सोडतात. हा विरोधाभास कशामुळे?

भट्टीवरील कष्ट आणि कंत्राटी पद्धत ही कारणे आहेतच. परंतु वीजतंत्री, यंत्रदुरुस्ती, गुणवत्ता तपासणी अशा बऱ्या वेतनाच्या जागांची वाट तंत्रशिक्षणातून जाते आणि तेथे भाषा आडवी येते. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला मुलगा तंत्रनिकेतनात पाऊल ठेवतो, तेव्हा गणित आणि यंत्रशास्त्राबरोबरच त्याला इंग्रजीशीही झुंजावे लागते. विषय समजत नाही की भाषा, हेच अनेकदा कळत नाही.

यावर उपाय सुरू झाले आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली. राज्यातही त्याच सुमारास पदविकेसाठी मराठी-इंग्रजी असा द्विभाषिक पर्याय पुढे आला.

या संदर्भात कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचे उदाहरण बोलके आहे. तेथे फ्रेंच भाषकांचे प्रमाण पाच टक्क्यांहून कमी आहे. तरीही निकेलच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या सडबरी शहरात १९९५ मध्ये 'कॉलेज बोरेआल' हे फ्रेंच माध्यमाचे महाविद्यालय सुरू झाले. शुश्रूषेपासून वेल्डिंगपर्यंतचे व्यवसाय तेथे फ्रेंचमधून शिकविले जातात. बाहेरचा बाजार इंग्रजीचा असल्याने विद्यार्थ्यांना ती भाषाही आत्मसात करावी लागते; पण हातातील कसब ते स्वतःच्या भाषेत घडवितात. तेथे अल्पसंख्याकांना जे मिळाले, ते येथे बहुसंख्याकांना अद्याप पुरते मिळालेले नाही.

मात्र केवळ माध्यम बदलून भागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या कागदांवर फिटरला 'जोडारी', टर्नरला 'कातारी' आणि वेल्डरला 'संधाता' म्हणतात. कारखान्यात हे शब्द कोणी उच्चारत नाही. अशा पुस्तकी परिभाषेने मराठीही परकीच वाटू लागते. रूढ इंग्रजी शब्द तसेच ठेवून समजावणी मराठीतून करणे, हाच व्यवहार्य मार्ग ठरावा.

दुसरी जबाबदारी उद्योगांची. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा आहे. त्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार तीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी, कंत्राटी कामगार धरून, अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या तरतुदीची काटेकोर अंमलबजावणी झाली, तर वर्गातील मराठीला कारखान्यातील सरावाची जोड मिळेल.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद आहेच. पण ज्या भाषेत शिकून पोट भरता येते, तीच भाषा पुढची पिढी जपते. मराठीची ही कसोटी जालन्याच्या कार्यशाळांतच लागणार आहे.