‘या जेवायला’ : एका आंबट रश्श्याच्या निमित्ताने

फिलिपाईन्समध्ये कोणी जेवावयास बसलेले असताना जवळून ओळखीचे माणूस गेले, तर जेवणारा मान वर करून ‘काइन तायो’ म्हणतो. कचेरीत डबा उघडताना म्हणतो, लांबच्या बसप्रवासात शिदोरी सोडताना शेजारच्या अनोळखी प्रवाशालाही म्हणतो. अर्थ एवढाच, की चला, जेवू या. समोरचा बहुधा ‘चालू द्या, माझे पोट भरले आहे’ असे सांगून पुढे जातो. मराठी वाचकाला यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘या जेवायला’ आणि ‘होऊ द्या सावकाश’ ही जोडी आपल्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. आणखी एक साम्य मोठे गोड आहे. तागालोग भाषेत मराठीप्रमाणेच ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांसाठी निरनिराळे शब्द आहेत. ‘कामी’ म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही, आणि ‘तायो’ म्हणजे त्याला सामावून घेणारे आपण. जेवणाच्या आमंत्रणात तेथे ‘तायो’ येते.

हा सगळा पोकळ उपचार आहे, असे म्हणणारे दोन्हीकडे आहेत. आमंत्रण देणाऱ्याला पाहुणा नको असतो आणि नाकारणाऱ्याला भूक असते, मग कशाला हे नाटक? हा आक्षेप मला मान्य नाही. असे आमंत्रण म्हणजे दर्शनी हुंडी होय. शंभर वेळा ती कोणी पुढे करीत नाही. पण एकशे एकाव्या वेळी खरोखरच भुकेला माणूस दारात उभा राहतो, आणि तेव्हा ती वटली पाहिजे. वटली नाही तर आधीचे शंभर शब्दही खोटे ठरतात. बँकेशी संबंध असलेल्या वाचकांना हे अधिक फोडून सांगावयास नको. प्रश्न असा, की घराने ही हुंडी कशाच्या बळावर लिहावयाची? तिच्यामागे तरतूद कोणती?

फिलिपिनो स्वयंपाकघरात या तरतुदीचे एक नाव आहे सिनिगांग. हा आंबट, पातळ रस्सा. पावसाळी दिवशी, दुखण्यातून उठल्यावर, परदेशातून घरी परतल्यावर पहिली आठवण होते ती याची. करण्याची रीत साधी आहे. कच्च्या, हिरव्या चिंचा पाण्यात मऊ होईपर्यंत उकळावयाच्या, कुस्करून त्यांचा कोळ गाळून घ्यावयाचा. दुसऱ्या भांड्यात कांदा, टोमॅटो आणि डुकराचे मांस, कोळंबी अथवा दुधी मासा म्हणून ओळखला जाणारा बांगूस, यांपैकी जे असेल ते शिजत ठेवावयाचे. पाणी म्हणून पुष्कळ घरांत तांदळाचे दुसरे धुवण वापरतात. त्याने रश्श्याला किंचित दाटपणा येतो आणि काही वाया जात नाही. मग अळूचा कंद, मुळा, चवळीच्या लांब शेंगा, भेंडी, वांगे अशा भाज्या आपापल्या शिजण्याच्या वेळेप्रमाणे एकेक करून पडतात. एक लांब हिरवी मिरची तिखटासाठी कमी आणि वासासाठी अधिक. चिंचेचा कोळ, माशांपासून केलेला ‘पातिस’ हा खारट द्रव, आणि अगदी शेवटी कांगकोंगची पाने. ही कांगकोंग म्हणजे आपली नाळीची भाजी. सोबत गरम भात. फोडणी नाही, वाटण नाही, तेलही जवळजवळ नाही.

चिंचेला तेथे ‘सांपालोक’ म्हणतात, आणि मनिला शहराच्या एका भागाचेही हेच नाव आहे. पण चिंच नसली तरी सिनिगांग अडत नाही. आंबटपणाचे काम कामियास करते, म्हणजे कोकणात आणि गोव्यात ज्याला बिंबल म्हणतात तेच फळ. कोठे पिकलेला पेरू घालतात, कोठे कालामान्सी हे लहानसे लिंबू. व्हिसायस बेटांत ‘बातवान’ नावाचे फळ वापरतात. ते आमसुलाच्या कुळातले, कोकमाचे सख्खे चुलतभाऊ. त्याच बातवानाच्या आंबटाने इलोइलो भागात तुरीचे दाणे, कच्चा फणस आणि डुकराचे मांस यांचा रस्सा करतात. तूर, फणस आणि कोकमाचा भाऊबंद एका भांड्यात! मांस क्षणभर बाजूला ठेवले तर हा पदार्थ रत्नागिरीच्या एखाद्या घरात कोणाला परका वाटेल असे मला वाटत नाही.

मनिलाच्या आतेनेओ विद्यापीठात अध्यापन केलेल्या दोरीन फर्नांडेझ यांनी फिलिपिनो अन्नावर आयुष्यभर आस्थेने लिहिले. एदिल्बेर्तो आलेग्रे यांच्यासह लिहिलेला त्यांचा ‘साराप’ हा निबंधसंग्रह १९८८ साली प्रसिद्ध झाला. परदेशी पाककृतीच्या पुस्तकांत फिलिपाईन्सची ओळख म्हणून ‘आदोबो’ या पदार्थाचा गाजावाजा होतो. फर्नांडेझ यांनी मात्र फिलिपिनो रुचीचा खरा प्रतिनिधी म्हणून सिनिगांगच्या बाजूने कौल दिला. तेथील मातीत जे उगवते आणि पाण्यात जे सापडते ते सर्व या रश्श्यात सामावते.

मला या रश्श्याचा जो गुण सर्वांत मोठा वाटतो तो हिशेबाचा आहे. चार माणसांसाठी केलेले सिनिगांग सहा माणसांना पुरते. पाणी वाढवावे, मुठभर पाने आणि एखादा मुळा अधिक चिरावा, कोळाचा एक चमचा घालावा. आंबटपणा पुन्हा जागेवर येतो आणि पाणी घातल्याचे कोणाच्या ध्यानात येत नाही. आंबट रस थोडा असला तरी भात भरपूर जातो. पाहुण्याला आपल्यामुळे यजमानाच्या ताटातले काही कमी झाले, ही टोचणी लागत नाही. कारण कोणाच्याच वाट्याचा तुकडा मोजून ठेवलेला नसतो. आपल्याकडील आमटी, सार, कढी यांचे शहाणपण याच जातीचे. याउलट माणशी दोन कटलेट अथवा मोजून आणलेला बंद डबा यांना पाचवा माणूस सोसत नाही. शहरांतील घरे आता मोजून शिजवू लागली आहेत. त्यामागील कारणे खरी आहेत: जागा लहान, वेळ थोडा, उरलेले टाकण्याचा कंटाळा. तथापि मोजून शिजविणाऱ्या घरात ‘या जेवायला’ म्हणताना जीभ अडखळते, हेही तितकेच खरे. आतिथ्य आटले म्हणून आपण माणसांच्या स्वभावाला दोष देतो. माझ्या मते दोष पुष्कळदा भांड्याच्या आकाराचा असतो.

हुंडी वटण्याची ती एकशे एकावी वेळ फिलिपाईन्सवर एप्रिल २०२१ मध्ये आली. साथीमुळे कामधंदे बंद होते. केसोन सिटीतील मागिनहावा रस्त्यावर आना पात्रिसिया नोन या तरुणीने बांबूच्या एका हातगाडीवर तांदूळ, भाज्या असे काहीबाही मांडले आणि पाटी लावली: ज्याला जमेल तेवढे त्याने द्यावे, ज्याला लागेल तेवढे त्याने न्यावे. काही दिवसांतच देशभर अशा शेकडो गाड्या उभ्या राहिल्या. सरकारी यंत्रणेतील काहींनी संशयाने पाहिले, सुरक्षेच्या भीतीने मूळ गाडी एक दिवस बंदही ठेवावी लागली; पण प्रकार थांबला नाही. एकत्र बसून जेवण्यास बंदी असताना ‘काइन तायो’ने घेतलेले हे रूप होते. ज्या समाजात तो शब्द रोज उच्चारला जातो तेथे ते इतक्या झपाट्याने पसरावे, याला मी योगायोग मानीत नाही.

आता बाजारी पुडीविषयी. सिनिगांगसाठी आंबट पूड पुड्यांतून मिळते आणि फिलिपाईन्समधील असंख्य घरे तीच वापरतात. जुन्या वळणाची मंडळी नाक मुरडतात. चवीपुरते त्यांचे म्हणणे योग्य आहे. ताज्या चिंचेच्या आंबटपणाला जो गोडसर कंगोरा असतो तो पुडीला येत नाही, आणि मीठही तीत सढळ असते. परंतु आखातातील कामगारवस्तीत, बर्फाळ देशातील रुग्णालयात रात्रपाळी करून आलेल्या परिचारिकेच्या खोलीत, अथवा महिनोन्‌महिने समुद्रावर असणाऱ्या जहाजाच्या मुदपाकखान्यात हिरवी चिंच कोठून आणावयाची? त्या पुडीमुळे परदेशातील चार फिलिपिनो एका भांड्याभोवती बसू शकतात. जहाजांवर तर त्यांच्या शेजारी आपलीच मुले असतात. भारतीय आणि फिलिपिनो खलाशी एकाच जहाजावर असणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्या ग्राहकांपैकी ज्यांची मुले दर्यावर आहेत त्यांनी हा रस्सा मुलाच्या तोंडून ऐकलेलाही असेल.

ही माणसे घरी पैसे धाडतात. २०२४ साली परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत सुमारे ३४.५ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. भारताचा आकडा तर जगात सर्वांत मोठा. २०२२ सालीच त्याने शंभर अब्ज डॉलरची मर्यादा ओलांडली. आपण काउंटरच्या या बाजूला असू अथवा त्या बाजूला, आपल्याला रक्कम दिसते. त्या रकमेच्या बदल्यात घरच्या ताटाभोवतीची एक जागा रिकामी झालेली असते, ती पासबुकात कोठे दिसावी? तागालोग भाषेत मूल्य, किंमत यासाठी ‘हालागा’ असा शब्द आहे. तो मूळचा संस्कृत ‘अर्घ’, मलाय भाषेतून तेथवर पोचलेला. ‘महार्घ’पासून आलेला आपला ‘महाग’ त्याचाच नातलग. महाग काय पडले, हे दोन्ही देशांतील त्या घरांना पक्के ठाऊक आहे.

परदेशी जाणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतील कित्येक जणी दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करण्यासाठीच जातात. हाँगकाँगमध्ये अशा परदेशी घरकामगार स्त्रिया तीन लाखांहून अधिक आहेत, बहुतेक फिलिपिनो आणि इंडोनेशियन. नियमाने त्यांना मालकाच्याच घरी राहावे लागते, आणि आठवड्यातून एक दिवस सुटी मिळते. रविवारी सेंट्रल भागातील चेटर रोड वाहनांना बंद असतो. तेथे, पादचारी पुलांवर, उंच इमारतींच्या सावलीत त्या पुठ्ठे अंथरून बसतात. डबे उघडतात. भात, कालवण, लोणचे एकमेकींपुढे सरकते. पत्ते, गाणी, घरच्यांशी फोनवर बोलणे, केस विंचरून देणे, सर्व काही त्या पुठ्ठ्यावर. सहा दिवस ज्या वाढतात त्या सातव्या दिवशी बसून जेवतात. शहरातील काही लोकांना हे दृश्य खटकते. मला त्या रस्त्यावरची ती पंगत हाँगकाँगच्या कोणत्याही मेजवानीहून अधिक प्रतिष्ठेची वाटते.

येथे माझ्याच म्हणण्याला एक दुरुस्ती जोडणे भाग आहे. पाणी वाढविले की रस्सा वाढतो, हे ठीक. परंतु ते वाढविणारे हात कोणाचे असतात? ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठी मुळा चिरणारी, भात पुन्हा चढविणारी आणि सर्वांत शेवटी भांड्याचा तळ खरवडून घेणारी व्यक्ती मनिलात काय अथवा मिरजेत काय, बहुतेक ठरलेली असते. तिच्या श्रमावर लिहिलेली हुंडी ही घराची हुंडी नव्हे. एका भांड्यातून वाढले म्हणून वाटप समान होते, असेही नाही. होसे रिझाल यांच्या १८८७ सालच्या ‘नोली मे तांगेरे’ या कादंबरीत ‘तिनोला’ या कोंबडीच्या रश्श्याची एक पंगत आहे. पाद्री दामासो यांच्या ताटात मान आणि चिवट पंख येतो, तर युरोपातून सात वर्षांनी परतलेल्या इबारा या तरुणाला उत्तम तुकडे मिळतात. वसाहतीतील सगळी तेढ रिझाल यांनी त्या डावात आणून ठेवली. आपल्या घरांतही हे घडते. घरकामाला येणाऱ्या बाईंना आपण खाऊ घालतो, कौतुकाने घालतो. पण त्यांचे ताट वेगळे, पेला वेगळा, आणि बसण्याची जागा मोरीच्या कडेला असेल, तर त्या अन्नाला वाटून खाणे म्हणता येणार नाही. ‘तायो’ म्हणावयाचे आणि वाढताना ‘कामी’ असे वागावयाचे, हे चालत नाही.

म्हणून माझी सूचना मर्यादित आहे. आठवड्यातून एका जेवणात तरी वाढविता येईल असा एखादा पातळ पदार्थ मोठ्या भांड्यात असावा, तो कोणी एकीने नव्हे तर घरातील दोघातिघांनी चिरून-निवडून केलेला असावा, आणि जिने अथवा ज्याने शिजविला त्याचे ताट इतरांबरोबर मांडलेले असावे. कचेरीतील डब्याच्या वेळेलाही हे लागू आहे. नवा कर्मचारी, सुरक्षारक्षक, सफाईचे काम करणारी बाई यांना ‘या जेवायला’ म्हटल्यावर बाकावर सरकून जागा करावी.

सिनिगांगच करून पाहावयाचे असेल तर आपल्याकडे हिवाळ्यात, ठेच्यासाठी कच्च्या चिंचा येतात तेव्हा, करावे. मांसाहार न करणाऱ्यांनी तांदळाच्या धुवणात अळकुड्या आणि मुळा आधी शिजवून घ्यावा, मग भेंडी, वांगे. पातिसऐवजी मीठ चालते. नाळीची भाजी न मिळाल्यास पालक घालावा, पण तो विस्तव बंद केल्यावर. फोडणीचा मोह टाळावा. कोळ एकदम सगळा ओतू नये, वाटीभर बाजूला राखून ठेवावा, कारण माणसे वाढली की तो लागतो. आणि उरलाच, तर दुसऱ्या दिवशी हा रस्सा अधिक मुरलेला लागतो. पुष्कळांना तो तसाच जास्त आवडतो.