वरून कसं दिसतं?

मित्रांनो, शिवनेरीवर गेलात की खाली जुन्नरकडे नीट पाहा. (कड्यापासून चार हात लांब उभं राहून हं!) शेतं कशी गोधडीच्या तुकड्यांसारखी दिसतात! पण उसातला बिबट्या? तो बांधावरूनसुद्धा दिसत नाही. त्याचे ठिपके ऊन-सावलीत मिसळून जातात.

युद्धात माणसंही हीच युक्ती करतात. तिला म्हणतात कॅमफ्लाज. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी विमानांनी भूजच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तळाचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर विजय कर्णिक. माधापर गावच्या सुमारे ३०० बायका मदतीला धावल्या आणि ७२ तासांत त्यांनी पट्टी दुरुस्त केली. वरून ओळखू येऊ नये म्हणून पट्टी चक्क शेणानं सारवली, आपली आजी अंगण सारवते तशी! अंगावर हिरव्या साड्या. भोंगा वाजला की पळत बाभळीच्या झुडपांत.

पण झाकलेलं नीट झाकलंय का, हे खाली उभं राहून कसं कळणार? आमच्या चौथीची मुलं लपाछपीत डोकं झाकतात नि पाय विसरतात, तसं व्हायचं! मग आपल्याच माणसानं वर जाऊन पाहायला हवं. अमेरिकेत १ डिसेंबर १९४१ ला 'सिव्हिल एअर पेट्रोल' ही संघटना सुरू झाली. हौशी वैमानिक आपली छोटी विमानं घेऊन तिच्यात आले. समुद्रात शत्रूच्या पाणबुड्या शोधायच्या, गावांनी दिवे नीट मालवलेत का, कॅमफ्लाज जमलंय का, ते वरून बघायचं, अशी त्यांची कामं. लढाऊ विमानं त्यामुळे लढायला मोकळी राहत.

मात्र युद्धाच्या आभाळात साधं विमानही संशयात सापडतं. १९ सप्टेंबर १९६५ ला गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता छोट्या नागरी विमानानं कच्छच्या सीमेजवळ गेले होते. वैमानिक होते जहांगीर इंजिनिअर. हे विमान टेहळणीला आलंय असं पाकिस्तानला वाटलं. त्यांच्या लढाऊ विमानानं ते पाडलं. आतले आठही जण गेले.

गोळ्या झाडणाऱ्या वैमानिकाचं नाव कैस हुसेन. ४६ वर्षांनी, २०११ मध्ये, त्यानं इंजिनिअर यांच्या मुलीला पत्र लिहून दुःख कळवलं. तिनं उत्तर पाठवलं. त्यात रागाचा एक शब्द नव्हता.