ओळी मोजणाऱ्यांचा हिशेब

सॉफ्टवेअरच्या एका कंपनीत मी नवा होतो तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी आमचा हिशेब होत असे. कोणी प्रोग्रॅमच्या किती ओळी लिहिल्या, याचा. एका व्यापाऱ्याच्या कामासाठी तीन आठवडे मी त्याच्या गोदामात जाऊन बसलो. माल येतो कसा, परत जातो कसा, अर्धाच परत आला तर बिलाचे काय होते, हे तिथल्या जुन्या कारकुनांकडून समजून घेतले आणि आराखडा काढला. तक्त्यात माझ्या नावापुढे तीन शून्ये पडली. 'चित्रे पुरे झाली, आता काम करा,' असे साहेबांनी सुनावले. आराखडा कपाटात गेला. प्रणाली ठरल्या दिवशी सुरू झाली आणि अर्धवट परत आलेल्या मालाचे पहिले बिल येताच अडली. पुढचे दोन महिने आम्ही रात्री जागून दुरुस्त्या करीत होतो. गंमत अशी, की त्या दोन महिन्यांत तक्त्यातले आमचे आकडे सर्वांत चांगले होते!

उत्पादकता म्हणजे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे.

पॅरिसच्या मेट्रोचा चौदा क्रमांकाचा मार्ग ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाला. त्यावरच्या गाड्या चालकाविना धावतात. सुरक्षेचा भार वाहणारे तिथले सॉफ्टवेअर 'बी' नावाच्या पद्धतीने बांधले गेले. आधी गणिती भाषेत प्रतिरूप मांडायचे, ते पायरीपायरीने तपशिलात उतरवायचे, प्रत्येक पायरीवर मूळ अट मोडत नाही हे सिद्ध करायचे आणि शेवटी त्यातून 'एडा' भाषेतला प्रोग्रॅम यंत्राकडून करवून घ्यायचा. प्रतिरूपाच्या ओळी भरल्या सुमारे १ लाख १५ हजार. प्रोग्रॅमच्या सुमारे ८६ हजार. म्हणजे विचार हा कृतीपेक्षा लांब झाला! आमच्या साहेबांनी त्या मंडळींना पहिल्याच शुक्रवारी घरी पाठवले असते.

प्रतिरूप म्हणजे जादूची कांडी, असे मात्र कोणी समजू नये. १९९७ मध्ये 'यूएमएल' ही आराखड्यांची प्रमाणभाषा ठरली. २००१ मध्ये, प्रतिरूपातूनच प्रोग्रॅम घडवण्याचा मोठा पुकारा झाला. पण कित्येक ठिकाणी घडले ते असे, की ग्राहकाची मागणी बदलली, घाईत प्रोग्रॅम दुरुस्त झाला आणि आराखडा फायलीत तसाच राहिला. असा शिळा आराखडा नसलेल्या आराखड्याहून वाईट. कारण त्यावर नवा माणूस विश्वास ठेवतो. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९८६ मध्येच बजावले होते, की सॉफ्टवेअरची खरी अडचण ते लिहिण्यात नाही, काय हवे आहे हे नेमके ठरवण्यात आहे. आणि ती अडचण कोणतेही एक साधन चुटकीसरशी सोडवणार नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मिनिटात शेकडो ओळी लिहून देतात. ओळ इतकी स्वस्त झाल्यावर तरी ती मोजणे थांबेल, असे वाटले होते. ते थांबलेले नाही. आकडे तेवढे फुगले. गोदामात तीन आठवडे बसणाऱ्याच्या नावापुढे आजही शून्यच पडते. ते शून्य वाचायला जोवर साहेब मंडळी शिकत नाहीत, तोवर आमच्या धंद्यात रात्रीची जागरणे हीच उत्पादकता समजली जाणार!