सगळी हवा ऐकायची कशी?

दिवाळीच्या सुट्टीत मी चेन्नईला बाबांकडे होतो. तिथे दिवाळीलाच पावसाळा असतो, म्हणून घरात रेडिओची सुई फिरवत बसायचो. ९०.४ वर अण्णा एफएम, १०१.४ वर आकाशवाणी आणि मधेमधे नुसती खरखर.

बाबा सिग्नल्समध्ये आहेत. ते म्हणाले, "तू एका जागी ऐकत असताना दुसरीकडे कोणी दोन शब्द बोलून गप्प झाला तर?" मला उत्तर देता आले नाही. शत्रू नेमके हेच करणार.

मग सगळी पट्टी एकाच वेळी ऐकावी लागेल. नियम सांगतो, सर्वांत मोठ्या फ्रिक्वेन्सीच्या किमान दुप्पट वेगाने नमुने घ्या. म्हणजे १ गिगाहर्ट्झपर्यंत ऐकायला सेकंदाला २०० कोटी नमुने! एवढी वेगवान चिप महाग असते आणि बॅटरी खाते. जवानाने पाठीवर काय काय वाहायचे? सगळे म्हणतात, आणखी वेगवान चिप आणा. मला हे पटत नाही.

नऊ नाण्यांत एकच जड असेल, तर ते दोन वजनांत सापडते. नऊ वेळा तोलावे लागत नाही, कारण बाकीची सारखी आहेत हे आधीच माहीत असते. रेडिओची पट्टीही बहुतेक रिकामीच असते. इस्रायलच्या टेक्निऑन संस्थेत मोशे मिशाली आणि योनिना एल्दार यांनी २०१० च्या सुमारास याच विचाराने यंत्र बनवले. सिग्नल चार वाटांनी न्यायचा, प्रत्येक वाटेत अधिक-उणे एकच्या वेगळ्या मालिकेने गुणायचा. बेडशीटची घडी घालावी तशी सगळी पट्टी एकावर एक येते. मग समीकरणे सोडवून कोणता तुकडा कुठला ते शोधायचे. २०० कोटींच्या जागी २८ कोटी नमुन्यांत काम झाले, पण पट्टीतला १२० मेगाहर्ट्झपर्यंतचाच भाग भरलेला असेल तर.

माझा रूममेट म्हणतो, शत्रू सगळी पट्टी गोंगाटाने भरेल. खरे आहे, तेव्हा ही युक्ती चालणार नाही. शिवाय घडी घालताना खरखरही एकावर एक साचते. पण एवढा गोंगाट करणाऱ्याला ताकद खूप लागते आणि तो स्वतःच सापडतो.

आपल्या रेडिओ क्लबमध्ये मोर्स आणि अल्फा-ब्राव्हो शिकवतात. ते हवेच. पण महिन्यातला एक रविवार समीकरणांना द्यावा, असे मला वाटते. नऊ नाणी मी आणतो, तराजू मेसमधून मागू.