चालतंय ना, मग बदलायचं कशाला?

"अगं, सेल लागलाय. आता तरी नवीन घे!" रूममेटनं मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. खोटं कशाला बोलू, मन चळलंच.

माझ्याकडं २०१८ च्या मॉडेलचं किंडल पेपरव्हाइट आहे, सहा इंची, दादानं वापरून दिलेलं. लातूरहून नांदेडला येताना अहमदपूरपर्यंत एक कथा आणि लोह्यापर्यंत दुसरी, हा एसटीतला माझा ठरलेला हिशोब. त्यात आजवर खंड पडलेला नाही. नवं पेपरव्हाइट सात इंची आहे. भारतात ते २०२५ च्या एप्रिलमध्ये आलं तेव्हा किंमत होती १६,९९९ रुपये. म्हणजे माझ्या मेसचे सहा महिने!

मग एक काम केलं. जुन्यानं माझं नेमकं काय अडतंय, ते वहीत लिहून काढलं. तीनच गोष्टी निघाल्या.

पहिली, चार्जिंगची पिन जुनी. पण ई-इंक पडद्याला पान बदलतानाच वीज लागते, त्यामुळं चार्जर आठवड्यातून एकदा शोधावा लागतो. एक जादा केबल बॅगेत टाकली, विषय संपला.

दुसरी, रात्री वाचायला नव्यासारखा पिवळसर उजेड नाही. हे खरंच हवंहवंसं आहे. पण उजेड कमी केला की माझं भागतं.

तिसरी अडचण मोठी, नोट्सच्या पीडीएफची. स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. त्यातली अक्षरं ई-बुकसारखी मोठी होऊन नव्यानं जुळत नाहीत. आता गंमत बघा. ए-फोर पान कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौदा इंचांहून मोठं असतं. ते सहा इंचांत मावत नाही, तसं सातातही मावत नाही! म्हणजे ज्यासाठी पैसे घालायचे, ती अडचण तशीच राहणार. त्यापेक्षा गरजेच्या पानांची झेरॉक्स परवडली.

आणि वहीत न लिहिलेली चौथी गोष्ट? किंडलमध्ये न वाचलेली एकतीस पुस्तकं पडून आहेत. ती वाचायची राहिली, त्यात किंडलचा काय दोष? रात्री बारापर्यंत रील्स बघते ती मी. नवीन वस्तू घेतली की आपोआप वाचन वाढेल, हा भ्रम सगळ्यात महागडा.

पडदा फुटला, पुस्तकं उघडेनात किंवा डोळ्यांना त्रास व्हायला लागला, तर खुशाल बदला. कंजूषपणा करा असं माझं म्हणणं नाही. फक्त 'पैसे द्या'चं बटण दाबायच्या आधी स्वतःला एकच विचारा, जुन्यानं माझं काय अडलंय?

पप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चालतंय ना? मग वाच की!"

सेल रविवारी संपला. तेव्हा मी एसटीत होते. लोहा यायचं होतं, आणि एकतिसातलं एक पुस्तक संपत आलं होतं.