तारेचेही पासबुक हवे

भाचीकडे गेलो की पहिला चहा संपेपर्यंत घरातली सगळी खबरबात कळते, असा माझा अनुभव. गेल्या दिवाळीत मात्र चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवताच ती म्हणाली, "मामा, महिनाभरात हे नेट सुधारलं नाही, तर मला पुण्याला खोली घेऊन राहावं लागेल."

भाची पुण्यातल्या एका कचेरीचे हिशेबाचे काम घरी बसून करते. मुलगी दुसरीत. नवरा आणि सासरे शेती आणि दूधधंदा पाहतात. सगळे सुरळीत चालले होते. पण संध्याकाळच्या बैठकीत नेमकी हीच बोलता बोलता पडद्यावरून नाहीशी व्हायची. दोनदा झाले, चारदा झाले, शेवटी वरिष्ठांनी सभ्य शब्दांत महिन्याची मुदत दिली.

मला वाईट वाटले ते केवळ मामा म्हणून नव्हे. भाचीचे सासर हिवरे बाजारचे. नगर जिल्ह्यातले (2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर) हे गाव ठाऊक नाही असा मराठी वाचक विरळा. 1972 च्या दुष्काळानंतर या गावाची माणसे कामासाठी बाहेर पांगली होती. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि चित्र पालटू लागले. डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, बांध पडले, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी आली, शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही आणि ऊस-केळी लावायची नाही असे ठरले. विहिरींना पाणी आले आणि पाण्यामागोमाग गेलेली कुटुंबेही परतली. पवारांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला, तो या कामासाठी. पाण्याच्या बळावर माणसे परत आणणाऱ्या गावातून एक सून केसाएवढ्या तारेपायी बाहेर पडणार, हे काही मनाला पटेना. मी मुक्काम आठ दिवसांनी वाढवला.

तंत्रज्ञानातले मला फारसे कळत नाही. माझे आयुष्य बँकेत गेले. पण संगणक येण्यापूर्वीच्या त्या बँकेने एक गोष्ट शिकवली होती : चूक शोधायची कशी. संध्याकाळी खतावण्या जुळल्या नाहीत की नवखा कारकून पहिल्या पानापासून पुन्हा बेरजा करायला लागे. आमचे जुने हेडक्लार्क आधी फरकाचा आकडा विचारत. फरकाला नऊने भाग जातो? मग कुणीतरी आकड्यांची अदलाबदल केली असणार, 72 चे 27 लिहिले असणार. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या नोंदीत सापडते? मग नावेची रक्कम जमेला गेली असेल. फरक स्वतःच आपला पत्ता सांगतो, फक्त त्याला नीट विचारावे लागते.

भाचीला मी तेच विचारले, "नेट जातं म्हणजे नेमकं काय होतं?"

"जातं म्हणजे जातं! मग मी पेटी बंद करून चालू करते. कंपनीवालेही फोनवर तेच सांगतात."

घराघरांतला हा रामबाण उपाय! त्याने काम भागते, हे खरे. पण बँकेच्या भाषेत हे म्हणजे न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यात टाकून घरी जाण्यासारखे. दिवस बंद होतो, फरक तसाच राहतो. शिवाय पेटी बंद केली की तिच्यावरचे दिवे विझतात, आणि पुरावा असतो तो त्या दिव्यांतच. मी नियम घातला : नेट गेले की आधी पेटीकडे पाहायचे, वहीत लिहायचे आणि मगच हात लावायचा. वहीत पाच रकाने आखले : तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती, किती मिनिटे, आणि त्या वेळी घरात काय चालू होते. शेवटचा रकाना पाहून भाची हसली. पुढे तोच कामाला आला.

मग रस्त्याचे तीन तुकडे केले. लॅपटॉपपासून पेटीपर्यंतचा बिनतारी तुकडा, दुसरी खुद्द पेटी आणि तिची वीज, आणि तिसरा पेटीपासून खांबाकडे जाणारी काचेची तार. पहिल्याची परीक्षा सोपी. लॅपटॉप वायरने थेट पेटीला जोडला, तर वेग एकदम दुपटीहून वर गेला! म्हणजे रडतखडत चालण्याचा दोष बाहेरचा नव्हताच. पेटी पुढच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या मागे आणि भाची माजघरात, मध्ये हातभर जाडीची दगडी भिंत. वायफायच्या दोन पट्ट्या असतात. पाच गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानणारी, 2.4 ची संथ, पण चिवट. दगड आणि लोखंड मिळून दोघींचीही वाट अडवत होते. पेटी कपाटामागून काढून मोकळ्या जागी टांगली, भाचीच्या टेबलापर्यंत एक वायर ओढली आणि पहिला तुकडा निकालात निघाला.

पण नेट जायचे ते जातच राहिले. सात दिवसांत वहीत चौदा नोंदी झाल्या. त्यांतल्या अकरा वेळा पेटीवरचे सगळेच दिवे विझून पुन्हा लागले होते आणि मार्गी लागायला पेटीने दोन-तीन मिनिटे घेतली होती. वेळा पाहिल्या तर सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. आणि शेवटच्या रकान्यात अकराही वेळा एकच शब्द होता : कडबाकुट्टी.

गोठ्यातले कुट्टीचे यंत्र घराच्याच विजेवर चालते, आणि पेटीची पिन त्याच्याच जुन्या बोर्डात होती. मोटर सुरू होताना एकदम जास्त वीज ओढते, क्षणभर दाब पडतो. पंखा किंचित मंदावतो, इकडे कुणाचे लक्षही जात नाही. पण पेटीला तेवढाही झटका पुरतो. व्याह्यांना हे सांगितले तेव्हा ते मिश्किलपणे म्हणाले, "म्हणजे इतके दिवस पुण्याची मीटिंग आमच्या गाईंनी मोडली म्हणायची!" वायरमन बोलावून पेटीला वेगळी लाइन दिली आणि मागे एक छोटी बॅटरी बसवली. चौदातल्या अकरा नोंदी मिटल्या. महिनोन्‌महिने आम्ही ज्या कंपनीच्या नावाने बोटे मोडत होतो, तिचा त्यात काही दोष नव्हता.

उरल्या तीन. या तिन्ही वेळा विजेचा दिवा शाबूत होता, पण लाल दिवा लुकलुकत होता. म्हणजे बाहेरून येणारा प्रकाशच तुटला होता, आणि तिन्ही नोंदी वाऱ्याच्या होत्या. अंगणात जाऊन पाहिले तर तार लिंबाच्या फांदीला घासत येऊन वळचणीच्या एका खिळ्याला करकचून वळसा घालून आत शिरली होती. काचेच्या तंतूला असा काटकोनात पीळ बसला की आतला प्रकाश बाहेर झिरपतो. इथे मात्र आपण हात घालू नये. तुटलेल्या तंतूची कुसळे बोटात शिरतात, आणि टोकातून येणारा प्रकाश दिसत नसला तरी डोळ्यांना घातक ठरू शकतो.

आतापर्यंत कंपनीला "नेट सारखं जातं हो" अशी तक्रार पाचदा गेली होती. सहाव्यांदा आम्ही तारखा, वेळा आणि लाल दिवा सांगितला आणि तक्रारीचा क्रमांक मागून घेतला. चौथ्या दिवशी माणूस आला. त्याच्या मापकावर प्रकाश उणे 29 दिसत होता. अशा जोडणीत साधारण उणे 27 च्या खाली गेले की पेटी चाचपडू लागते. भाचीचा नवरा फांदी तोडायला निघाला, तर व्याहीबुवा उठून उभे राहिले. "झाडाला हात लावायचा नाही. तार सरकवा." कुऱ्हाडबंदीच्या गावाला हे शोभणारेच होते! तार सरकवली, खिळा काढला, वळण सैल केले. मापकावर उणे 21 आले.

त्या संध्याकाळी व्याह्यांबरोबर गावात फेरफटका मारताना माझ्या मनात आले, की आम्ही आठ दिवस जे केले, ते या गावाला नवे नव्हतेच. 2004 पासून हिवरे बाजार पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे, आणि उरलेल्यात कोणती पिके बसतात ते ग्रामसभेत ठरवायचे. पाऊस इथे बेताचा, वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास. कमी पडला तर पिके कमी. पण सगळ्यांना आधी माहीत असते. तुटवडा असतो, अंधार नसतो.

माझे म्हणणे आता सांगतो. आपल्या घरात येणाऱ्या या तारेच्या बाबतीत आपण पूर्ण अंधारात आहोत. बँक रुपया-रुपयाचे पासबुक देते. वीजमंडळाच्या बिलावर युनिट असतात. नेटच्या बिलावर मात्र रक्कम आणि शेवटची तारीख! महिन्यात तार किती तास बंद होती, कितीदा तुटली, वेग किती मिळाला, यांपैकी एक अक्षर नाही. जाहिरातीत वेगाचा मोठा आकडा आणि त्याला चिकटलेला इवलासा 'पर्यंत'. आपल्याकडे 2004 च्या धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. 2023 पासून किमान 2 एमबीपीएस लागतात. ट्रायचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम ऑक्टोबर 2024 पासून लागू झाले. हे सगळे स्वागतार्ह. पण दर्जाची ही मोजमापे मोठ्या प्रदेशाच्या सरासरीची, आणि सरासरीत माझ्या भाचीचे घर दिसत नाही.

कुणी म्हणेल, घरोघरचा हिशेब कंपन्यांनी ठेवायचा कसा? तो त्या ठेवतातच! काचेच्या तारेच्या जाळ्यात केंद्रावरच्या यंत्राला घरची पेटी गप्प झाल्याचे कळते. इतकेच नव्हे, वीज गेली तर बहुतेक पेट्या विझता विझता एक शेवटचा संदेश पाठवतात. तार तुटली तर तो येत नाही. म्हणजे चूक घरातली की बाहेरची, हे शोधायला आम्हाला सात दिवस आणि एक वही लागली, ते केंद्रावर मिनिटात कळू शकले असते. मग ती नोंद महिनाअखेर बिलाखाली मराठीत छापायला अडचण कोणती? 2011 साली गावोगाव तार नेण्याची राष्ट्रीय योजना मंजूर झाली, तीच पुढची भारतनेट. 2023 मध्ये तिच्या सुधारित रूपाला 1 लाख 39 हजार कोटींवर रक्कम मंजूर झाली. तार पोहोचणे ही अर्धी गोष्ट. ती चालू राहणे ही उरलेली अर्धी. त्या अर्ध्या भागाचे पासबुक ग्राहकाच्या हाती हवे.

ते मिळेपर्यंत आपले पासबुक आपणच ठेवावे. दोन रुपयांची वही आणि पाच रकाने. दोष घरातला निघाला तर कुणाशी न भांडता मिटेल, आणि बाहेरचा निघाला तर बोलायला जोर येईल. तक्रारीला क्रमांक देणे कंपनीवर बंधनकारक आहे. निवारण समाधानकारक झाले नाही तर 2012 च्या नियमांनुसार तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते आणि त्याने 39 दिवसांत निकाल द्यायचा असतो. या पायऱ्या चढताना वही सोबत असली की पाय लटपटत नाहीत.

भाची अजून हिवऱ्यातच आहे. परवा तिचा फोन आला, "मामा, काल वादळात नेट सहा तास गेलं होतं." मी काळजीने विचारले, "मग?"

"मग काय? लाल दिवा, दुपारी दोन दहा ते रात्री आठ पंधरा. लिहिलंय. तक्रारीचा नंबरही लिहिलाय. आणि साहेबांना दोन पंचवीसलाच कळवलं होतं."