साह्याची सिद्धता आधी हवी

ता. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला. त्या सरकारने साह्य मागताच दुसऱ्याच दिवशी हिंदुस्थानचे बचावपथक तेथे उतरले. हे केवळ दयेने साधले नाही. २००६ साली राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभारून माणसे व साधने सज्ज ठेविली होती, म्हणून साधले. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात सुमारे १०,००० माणसे दगावली, तेव्हा असे दल नव्हते. राष्ट्रांची मैत्री संकटापूर्वीच्या सिद्धतेवरच उभी असते, असे आम्हांस वाटते, गावांचेही तेच. घोडेगावच्या कांदाबाजारातील व्यापारीबंधूंनी कोणाचे ट्रक, कोणाचे गोदाम, कोणती माणसे शेजाऱ्याच्या हाकेस धावतील, हे सोनईकरांशी बसून आजच लिहून ठेवावे. आग लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही.